दिवस कासराभर

साबणाच्या डबीएवढी काळी पेटी, गाडीच्या पुढच्या काचेला दोन रबरी वाट्यांनी चिकटलेली.

स्वयंपाकघराच्या दारावर आतल्या बाजूनं एक छापील कागद. त्यावर वर्षभराच्या सूर्यास्ताच्या वेळा.

सांगलीतलं एक साड्यांचं दुकान. त्याचं काचेचं दार हात न लावता उघडायचं.

विहिरीच्या कठड्यावर वाळत घातलेलं दुहेरी पांढरं कापड. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

तुरे आलेला ऊस.

पीठ दुधात भिजवलं की दशमी होते. दिवसभर मऊ राहते.

डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या की माणसाला ऊन सोसत नाही, आणि ऊन कुठवर उतरलंय तेही सांगता येत नाही.

*

"पेटी लावलीस काय गं?"

अण्णांचा फोन. मी पुण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यासमोर गाडीत बसलेली. शेजारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई. डोळ्यांवर दवाखान्यानं दिलेला काळा कागदी चष्मा, मांडीवर पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या.

"लावली, अण्णा."

"दिवा लागलाय?"

"लागलाय."

"मग सोड गाडी. आणि कराडपुढं घाबरत बसू नको. पेटी गप असली की रस्ता मोकळा. ओरडली की पाय काढायचा. एवढंच."

तेवढ्यात दवाखान्याचं सरकतं दार उघडलं, कुणी पेशंट आत गेला आणि पेटी ओरडली. दार मिटलं, पेटी गप्प. पुन्हा उघडलं, पुन्हा ओरडली.

"काय झालं? पोलीस हाय काय?" अण्णा फोनवर ओरडले.

"दार आहे, अण्णा."

आई चष्म्याआडून म्हणाल्या, "माणूस आत गेलं तरी ओरडती, बाहेर आलं तरी ओरडती. तुमच्या अण्णांसारखीच हाय."

लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आणि मला हसू येईल असं त्या माझ्याशी पहिल्यांदाच काहीतरी बोलल्या होत्या. मी हसले नाही. चुकून हसले तर पुढचं बोलणं बंद होईल अशी भीती वाटली.

*

पेटी कशी आली ते आधी सांगते.

माझं सासर जयसिंगपूरचं. मगदूम, जैन. माहेर चिपळूणचं, मासे खाणारं. पुण्यात कॉलेजात असताना अभिनंदनशी ओळख झाली आणि पुढं लग्न. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एका दुपारीत होकार दिला. आईंनी नकार दिला नाही. पण त्यांची चूल आतल्या खोलीत होती आणि माझी शेगडी बाहेरच्या. आई स्वतः रांधलेलंच खायच्या, विहिरीचं पाणी स्वतः कापडानं गाळूनच प्यायच्या आणि सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत. माझ्या हातचं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. भांडण नव्हतं. आवाजही चढला नव्हता. मी ताट वाढलं की त्या म्हणायच्या, "ठेव. अण्णा खातील."

या नेमापायी अण्णांचं गाडी चालवणं बिघडलं होतं. लग्नाला जा, क्षेत्राला जा, दुखणाईताला बघायला जा, परतीला त्यांचं डोकं एकाच हिशेबात गुंतायचं: दिवस मावळायच्या आत त्रिशलाला, म्हणजे आईंना, तिच्या चुलीपुढं पोचवायचं. आईंनी सकाळी केलेला डबा दुपारीच संपायचा आणि वाटेत थांबून खायची सोय नव्हती. हॉटेलचं तर आई पाणीही घेत नसत. मग अण्णा गाडी अशी हाणायचे की मागं बसलेला माणूस डोळे मिटून घ्यायचा. घरी दंडाचे मेसेज येत राहायचे, त्यात आमच्या गाडीचा मागून काढलेला फोटो. अण्णा फोटो मोठा करून बघायचे. "नंबर काय झकास आलाय बघ," म्हणायचे.

दिवाळीला त्यांचा पुतण्या दुबईहून आला तो ही पेटी घेऊन. वेग मोजायची बंदूक ज्या लहरी सोडते त्या हिला लांबूनच कळतात, असं त्यानं समजावून सांगितलं. कळल्या की ती ओरडते. माणसानं तेवढ्यात वेग कमी करायचा.

अंगणात ती बसवायचा मोठा कार्यक्रम झाला. अण्णांनी काच लिंबाच्या पाण्यानं पुसली. रबरी वाट्यांना थुंकी लावायची का पाणी, यावर बराच वाद झाला. वायर कडेच्या पट्टीत दाबत दाबत खाली नेली आणि सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसली.

"या घराण्यात बिडी कुणी ओढली नाही," अण्णा म्हणाले, "आज त्या भोकाचं सार्थक झालं."

आई ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. "बाहुबलीच्या फोटोला लागून कशाला लावताय ते? जरा बाजूला घ्या."

"मधे लावल्याशिवाय पुढचं दिसत नाही तिला."

"आणि तुम्हाला?"

"आता बघ की. पोलिसाच्या बापाला घावत नाही मी."

"पोलिसाला घावा, नाहीतर घावू नका," आई म्हणाल्या. "दिवस घावला म्हणजे झालं."

मग आम्ही सगळे पेटी तपासायला सांगलीला गेलो. बंदूक कुठं मिळणार? तर त्या साड्यांच्या दुकानासमोर. कारण पुतण्यानं सांगितलं होतं, आपोआप उघडणाऱ्या दारांतही तसल्याच लहरी असतात. गिऱ्हाईक आत गेलं, पेटी ओरडली. अण्णांनी टाळी वाजवली. दुकानाचा वॉचमन येऊन म्हणाला, "काका, आत यायचं नसेल तर गाडी पुढं घ्या." आम्ही बराच वेळ तिथंच उभे होतो.

*

त्यानंतर महिन्याभरात एकदा अण्णांना उशीर झाला. शिरोळच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पेटी गप्पच होती. ट्रॉलीसाठी तिच्याकडं काही नव्हतं. घरी पोचलो तेव्हा अंधार होता. आईंनी पाय धुतले, माळ घेतली आणि झोपल्या. सकाळी देवळात दर्शनाच्या रांगेत त्या खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. त्यांना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "रात्र रिकामी गेली तर यांना सकाळ बघायला मिळेलच असं नाही. नेम मोडा म्हणत नाही. जेवण चुकवू नका."

म्हणून पुण्याला जायचं ठरलं तेव्हा घरात डोळ्यांवर चर्चा झालीच नाही. चर्चा एकच: परत किती वाजता?

आणि नेमका अण्णांचा खांदा आखडला. हात कमरेच्या वर जाईना. अभिनंदन सुरतेला. मी चिपळूणच्या घाटात गाडी शिकलेली. मी म्हटलं, "मी नेते."

अण्णा आईंकडं बघायला लागले.

आई म्हणाल्या, "न्हेऊ दे की."

दिवस बराच होता

आईंनी डबा दवाखान्यात पोचल्यावर गाडीतच खाल्ला होता. सकाळी दिवस उगवल्यावर स्वतः केलेली भाकरी आणि मुगाची उसळ, डब्यातूनच. मी खिडक्यांच्या रांगा, शिक्के, थेंब, पुन्हा थेंब यांत फिरत राहिले. चहावर दुपार गेली. माझा डबा तसाच मागच्या सीटवर.

"तू जेवलीस?" गाडी सुरू झाल्यावर आईंनी विचारलं.

"घरी जाऊन जेवते."

"हं."

पेटी त्या दिवशी कुठं कुठं ओरडली ते मला अजून आठवतं. कात्रजला एका मॉलसमोर. खेड शिवापूरच्या अलीकडं पेट्रोलपंपावर, तिथल्या दुकानाचं दार. खंबाटकीच्या घाटाआधी शेजारून गेलेल्या एका लांबलचक गाडीला बघून. साताऱ्यापाशी कशालाच नाही, नुसतीच. दरवेळी मी ब्रेकवर पाय देत होते, आई तांब्या सावरत होत्या, मागचे हॉर्न देत होते.

"आता काय?" आई विचारायच्या.

"काही नाही, आई. दार असेल."

"या मुलखात बरीच दारं हायत."

साताऱ्यानंतर त्या दर थोड्या वेळानं एकच प्रश्न विचारायला लागल्या. चष्मा वर करून पाहायचा प्रयत्न करायच्या, उजेड डोळ्यांत घुसला की तोंड फिरवायच्या.

"दिवस कुठं आहे गं?"

माझ्या उजव्या खिडकीत सूर्य होता. "बराच वर आहे, आई."

"बराच म्हणजे?"

चिपळूणला आम्ही असं मोजत नाही. मी घाबरत म्हटलं, "दोन माडांएवढा."

"माड इकडं कुठले? कासऱ्यानं सांग. बैलाचा कासरा. तो असा हातानं उभा धरलास तर खालचं टोक जमिनीला लागून वरचं दिवसाला लागेल का?"

मी पाहिलं. "कासऱ्याच्या वर आहे."

"मग चल."

दिवस कासराभर

कराड गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेला. ट्रॉल्या सुरू झाल्या. एकीला मागं टाकावं तर पुढं दुसरी; वर बसलेले तोडकरी आमच्याकडं बघून हात करत होते.

"दिवस?"

"कासराभर."

आईंनी उलट हिशेब केला असावा. बोटं तांब्याच्या फिरकीवर फिरत राहिली. उघड, बंद, उघड, बंद. मला देवळातली ती सकाळ आठवत होती. दर्शनाच्या रांगेत त्यांची जपमाळ एकटीच पुढं पडून राहिली होती.

रस्ता मोकळा झाला. पेटीकडं पाहिलं. हिरवा दिवा, आवाज नाही. पेटी गप असली की रस्ता मोकळा. मी पाय दाबला.

गाडीनं असं पळायला नको होतं, हे मला तिच्या आवाजावरून कळत होतं. आईंनाही. त्यांनी एकदा फक्त हात लांब करून माझ्या गुडघ्यापाशी नेला आणि स्पर्श न करताच मागं घेतला.

मग पेटी किंचाळली. ओरडणं आणि किंचाळणं यांतला फरक मला त्या क्षणी कळला. मी वर पाहिलं तर पुलाच्या सावलीत पांढरी जीप होती, तिपाईवर बंदूक होती आणि खाकी कपड्यातला एक माणूस रस्त्यावर उतरून मला बाजूला घ्यायची खूण करत होता.

दिवस हातभर

"लायसन."

दिलं. हवालदार पन्नाशीचे, मिशा काळजीनं रंगवलेल्या, छातीवर लोहार अशी पाटी. त्यांनी खिडकीतून आत वाकून पाहिलं आणि काचेवर त्यांची नजर थांबली.

"हे काय बसवलंय?"

मी बोलायच्या आत आई म्हणाल्या, "ते दारं ओळखायचं यंत्र आहे."

"दारं?"

"आमच्या मालकांनी लावलंय. दार उघडलं की वाजतं."

हवालदार जरा वेळ आईंच्या काळ्या चष्म्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, "ताई, ही आमची लेझरची बंदूक. तुमच्या पेटीला आमचं कधी कळतं माहीत हाय? आमचं मोजून झाल्यावर."

"चूक झाली," मी म्हटलं. "दंड करा. पण आम्हाला लवकर सोडा. यांना दिवस मावळायच्या आत जेवायचं आहे. साखरेचा आजार आहे."

"दंड हितंच हुईल. पण ह्या पेटीचं साहेब सांगतील. आसं काय लावलेलं दिसलं की थांबवून ठेवायचं सांगितलंय. साहेब पेठ नाक्यावर हायत, येतील."

"कधी?"

"येतील की."

मी पश्चिमेला पाहिलं. सूर्य तुऱ्यांवर उतरत होता. पुढं इस्लामपूर, आष्टा, सांगली, आणि मग जयसिंगपूर. साहेब त्या मिनिटाला आले असते तरी आता घर येणार नव्हतं.

"दिवस?" आईंनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. "हातभर," मी म्हटलं. "आई, घर येत नाही आता. माझ्यामुळं झालं."

रस्त्यावरून ट्रॉली गेली, उसाचं एक कांडं खाली पडलं. हवालदारांनी ते पायानं कडेला सारलं.

"तुझ्या डब्यात काय आहे?"

मला आधी कळलंच नाही की हे मला विचारलंय.

"दशम्या. आणि कारळ्याची चटणी."

"कांदा?"

"नाही."

"लसूण?"

"नाही. मी घालत नाही, आई. लग्न झाल्यापासून."

"कधी केल्यास?"

"तुमची चूल पेटली, त्यानंतर माझी शेगडी पेटवली. दिवस उगवल्यावर."

"पाणी?"

"विहिरीचं. गाळून."

"कशानं?"

"दुहेरी कापडानं. तुमचं नाही घेतलं. माझं वेगळं आहे, ते मी माझ्या खिडकीत वाळत घालते."

"आणि कापड उलटं करून?"

"विहिरीच्या पाण्यातच परत झटकलं. त्यातले जीव परत गेले."

हवालदार आता गाडीच्या टपाला रेलून ऐकत होते. आई समोर बघत होत्या, काचेवरच्या पेटीच्या दिशेनं. तिथं त्यांना हिरव्या डागापेक्षा जास्त काही दिसत नसणार.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. तुम्ही विहिरीवर असायचात तेव्हा मी खिडकीत असायचे."

"दोन वर्षं?"

"हो."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

आईंनी दार उघडलं. पाय बाहेर ठेवत म्हणाल्या, "पिशवीत ताटल्या आहेत बघ. मला हात दे. मी पडायचो कुठंतरी."

आमच्या सासरी बायका स्वतःविषयी असंच बोलतात: मी आलो, मी पडलो, मी जेवलो. आधी मला हसू यायचं. त्या दिवशी मी नुसता हात दिला.

दिवस

पुलाच्या कठड्यापाशी जीपमधली सतरंजी हवालदारांनी स्वतः अंथरून दिली. "मावशी, हितं बसा. हितनं दिवस चांगला दिसतोय. म्हणजे ह्या ताईंना दिसतोय."

मी पिशवीतून दोन ताटल्या काढल्या, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले, आईंचे धुतले. दोन दशम्या त्यांच्या ताटलीत, एक माझ्या. वाढताना चटणी सांडली.

"दिवस सांग," आई म्हणाल्या.

"तुऱ्यांना टेकला."

त्यांनी हात जोडले, ओठ हलले आणि पहिला घास तोडला. मी बघत होते. चावला. गिळला. दुसरा तोडला.

"कसं आहे?" माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मीठ कमी." तिसरा घास. "पण कारळं चांगलं भाजलंस."

"तुम्ही पण घ्या," त्या हवालदारांना म्हणाल्या.

"नगं, मावशी. आज संकष्टी हाय. आमच्यात चंद्र बघितल्याशिवाय घास घेत न्हाईत, तुमच्यात सूर्य गेल्यावर घेत न्हाईत. आपण दोघं एका घरात असतो तर चूल पेटवायची कवा?"

आई हसल्या. मोठ्यानं, तोंडात घास असताना. त्यांना कधी असं हसताना मी पाहिलं नव्हतं. एवढा आवाज झाला की रस्त्याकडंच्या पंक्चरवाल्यानं मान वर केली.

मी मात्र पश्चिमेकडं बघत होते. सूर्य लाल झाला होता आणि तुऱ्यांच्या आत शिरला होता. अर्धा. त्यांची पहिली दशमी संपली होती, दुसरीतली अर्धी उरली होती. सूर्य पाव उरला. अजून दोन घास खाल्ले तर सकाळपर्यंत आधार होईल, असं मनात आलं. डॉक्टर, देवळातली रांग, एकटी पुढं पडलेली जपमाळ. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं.

काठ उरला. मग तोही नाही.

"आई," मी म्हटलं. "गेला."

त्यांचा हात ओठांपाशी आला होता. तिथंच थांबला.

"आसं काय, ताई," हवालदार म्हणाले. "डोंगरामागं गेलाय तो. बुडायला येळ हाय आजून. उजेड बघा की केवढा! खावा मावशी, दोन घास तर हायत."

आईंनी घास ताटलीत ठेवला. बोटं एकमेकांना लावून झटकली.

"ती म्हणाली गेला," त्या म्हणाल्या, "म्हणजे गेला."

ताटलीत उरलेला तुकडा मी खाल्ला. त्यांनी माझ्याकडं सरकवला म्हणून.

*

साहेब आलेच नाहीत. वायरलेसवर काहीतरी बोलणं झालं. हवालदारांनी पेटी काढायला सांगितलं आणि दंडाचा मेसेज माझ्यासमोर पाठवला. रबरी वाट्या निघताना मोठा आवाज झाला. काचेवर दोन गोल उमटले.

"घेऊन जा," ते म्हणाले. "पण गाडीत लावू नका. देवळाच्या दारात लावा. कोण येतंय-जातंय कळंल."

घरी पोचेपर्यंत अंधार झाला होता. अण्णा फाटकात उभे, आखडलेला हात गळ्यात अडकवलेला, चेहरा पार उतरलेला. त्यांनी फाटक उघडायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "काय झालं? किती फोन केले! दिवस गेला की गं. मी कुणाकडं बघायचं आता..."

"जेवलो मी," आई गाडीतून उतरत म्हणाल्या.

"कुठं?"

"वाटेत."

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. "कुणाच्या हातचं?"

आईंनी चष्मा काढला. अंधारात त्यांना तो लागत नव्हता. पायरीचा अंदाज घेत, माझ्या दंडाला धरून त्या वर चढल्या.

"घरातलंच," त्या म्हणाल्या.

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. मग गाडीकडं. काचेवरचे दोन गोल त्यांना फाटकातल्या दिव्यातही दिसले असावेत.

"पेटी कुठाय?"

"मागच्या सीटवर," मी म्हटलं.

"ओरडली का नाही?"

"ओरडली," आतून आईंचा आवाज आला. "सगळीकडं ओरडली. तुम्ही या आत. हात शेकायचाय तुमचा."

त्यांना सकाळ दिसली. साखर तपासायचं यंत्र बघून डॉक्टर म्हणाले, चांगली आहे. त्या दिवशी आतली चूल थोडी उशिरा पेटली, कारण आई माझ्या खोलीत येऊन शेगडीपाशी उभ्या होत्या, मीठ किती घालते ते बघत.

पुढं अण्णा प्रवासात हळू चालवायला लागले आणि आम्ही डबे जास्त न्यायला लागलो. दिवस कासराभर राहिला की अण्णा स्वतःच गाडी कडेला घ्यायचे, सतरंजी काढायचे आणि विचारायचे, "सूनबाई, दिवस सांगा." आईंचे डोळे तोवर ऑपरेशननंतर लख्ख झाले होते. तरी त्या माझ्याच तोंडाकडं बघायच्या.

पेटी काही वर्षं देव्हाऱ्याखालच्या फळीवर होती. मग भंगारवाल्यानं नेली. गाडी विकली तेव्हाही काचेवरचे गोल गेले नव्हते. घेणाऱ्यानं विचारलं, इथं काय होतं? अण्णा म्हणाले, सूर्य पकडायचं यंत्र. त्याला पटलं की नाही कोण जाणे.

पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी पिशवी आईंनी स्वतः भरली होती. प्रवासात त्या स्वतः डब्यातूनच जेवत. तरी दोन ताटल्या त्यांनीच घातल्या होत्या.